भंगार कोणाला म्हणायचं?

परवा गावच्या शाळेत गेलो होतो. संगणक कक्षाला कुलूप. आत आठ मशीन कव्हरखाली झाकून ठेवलेली. सर म्हणाले, "दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, भंगारात काढा, नवीन विंडोज यावर चालणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. शाळेतली मशीन २०१३ ची. कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम. एकही बिघडलेलं नाही, तरी सगळी बाद!

पास्कल ही संगणकभाषा बनवणारे निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतंय, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतंय. तीस वर्षं झाली या गोष्टीला. मराठीत अर्ज टाइप करायला २०१३ मध्ये जेवढी ताकद लागायची तेवढीच आजही लागायला हवी ना? 'क' काही जड झालेला नाही.

सरांच्या परवानगीने एका मशीनमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. चालू व्हायला चार मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहिलं. मराठी टायपिंग, लिब्रे ऑफिस सगळं व्यवस्थित. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवताहेत, मी काही जगावेगळं केलं नाही.

पण खरं सांगतो, ब्राउझर उघडला की लिनक्सही धापा टाकतं. चार-पाच टॅबमध्ये रॅम संपते. त्यात आपली सरकारी पोर्टलं! पोरांना फोटो ५० केबीच्या आत बसवायला लावतात, आणि स्वतःच्या पहिल्याच पानावर नेत्यांचे हे एवढाले सरकते फोटो. गावातल्या नेटवर ते पान उघडेपर्यंत चहा होतो. यात दोष त्या मशीनचा कसा?

माझं म्हणणं एवढंच आहे की, पोर्टलचं टेंडर काढताना एक अट घाला: ४ जीबी रॅमच्या दहा वर्षं जुन्या मशीनवर अर्ज पूर्ण भरून दाखवा, मगच बिल. रस्त्याचा नमुना तपासतो, मग याचा का नाही? आणि मशीन भंगारात काढण्याआधी त्यावर लिनक्स चालवून पाहणं सक्तीचं करा.

बाकीच्या सात मशीनचा निर्णय शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. कोणाच्या घरी जुन्या डेस्कटॉपची डीडीआर-३ रॅम पडून असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.