वाइनच्या गावाला जाताना गाडीची किल्ली कुणाकडे?

जानेवारी ते मार्च हा नाशिककडचा द्राक्षांच्या काढणीचा हंगाम. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागते. पूर्वी नाशिकला जायचं म्हणजे पंचवटी, त्र्यंबकेश्वर, फार तर सप्तशृंगी गड. आता त्या यादीत वाइनरीही आली. आपल्यासारख्या लहान गावांतूनही नवरे, दीर, भाचे मंडळी बेत आखतात, आणि "वहिनी, तुम्हीही चला, तिथे सगळे फॅमिलीसकट येतात" असा आग्रह होतो. जायचं की नाही, चव घ्यायची की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. पण जायचंच असेल, तर डोळे उघडे ठेवून जावं, असं मला वाटतं.

ही वाइन काही आभाळातून पडली नाही. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं खास धोरण आणलं, सवलती दिल्या. कारण सांगितलं गेलं शेतकऱ्याचं हित. काही वर्षं जोरात गेली. मग 2008-09 च्या मंदीत मागणी घटली आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. आजही नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्यासाठीच पिकतात, वाइनचा वाटा लहानच आहे. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढे होतं. "वाइन म्हणजे दारू नव्हे" असंही ऐकवलं गेलं. विरोध झाला, सरकार बदललं आणि निर्णय मागे पडला.

शेतकऱ्याचं भलं व्हावं, यात वादच नाही. त्या बागांत आदिवासी पाड्यांवरच्या बायका राबतात, त्यांचंही व्हावं. पण "दारू नव्हे" हे काही मला पटत नाही. वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. रक्ताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही, आणि पोलिसांच्या यंत्रालाही नाही!

आता हिशोब मांडू या. वाइनरीत चवीला पाच-सहा प्रकार थोडे थोडे ओततात. एकेक घोट म्हणता म्हणता एक ग्लास होतो. दिवसात तीन वाइनऱ्या केल्या की तीन ग्लास, शिवाय जेवणाबरोबरचा वेगळा. गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 10 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वाइनने तिच्या रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त चढतं. अंगाने बारीक असेल तर एका ग्लासातही ती मर्यादा ओलांडू शकते.

म्हणून बेत असा आखावा. निघण्याआधी मिसळ-पाव का होईना, पोटात काही हवं. दिवसाला दोनच वाइनऱ्या, त्याही शक्यतो एकाच रस्त्यावरच्या. मध्ये भरपूर पाणी. चव घेऊन थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं. जाणकार तसंच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आवडली तर बाटली विकत घ्यावी, पण ती घरी येईपर्यंत बंदच राहू द्यावी. आणि सगळ्यांत आधी ठरवावं, गाडी कोण चालवणार. थेंबही न घेणारा एक माणूस हवा. तसा नसेल तर दिवसभराची भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट करावी. दंडापेक्षा ती स्वस्तच पडते.

खरी अडचण इथेच आहे. आपल्यातल्या बहुतेक जणींना गाडी चालवता येत नाही. "काही होत नाही गं, वाइनच तर आहे" असं म्हणत नवरा स्टिअरिंगवर बसतो, आणि आपण मांडीवर लेकरू घेऊन, देवाचं नाव घेत शेजारी बसतो. चारचौघांत त्याला कसं बोलायचं, हा संकोच आड येतो. याच महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून, बाटली आडवी करून गावोगावची दुकानं बंद पाडली आहेत. 2015 मध्ये चंद्रपूरला दारूबंदी झाली ती बायकांच्या आंदोलनामुळे. 2021 मध्ये ती उठली, हेही खरं. सरकारं येतात, धोरणं फिरतात. त्यावर आपला जोर चालेल न चालेल, पण गाडीच्या किल्लीवर नक्की चालू शकतो.

तेव्हा मैत्रिणींनो, सहलीचा बेत ठरताना डब्यात काय न्यायचं याआधी एवढंच विचारा, "परतताना गाडी कोण चालवणार?" उत्तर मिळेपर्यंत पिशवी भरू नका. आणि जमलं तर यंदा ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घाला.