नारळाची पारख

लस जितकी गार तितकी बरी, असे बहुतेकांना वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांच्या लसीकरण-प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसण्याचा योग मला आला. तिथे सर्वांत जास्त श्रम हा समज खोडून काढण्यावर होतात, आणि ते योग्यच आहे. गोवराची लस उष्म्याने मरते खरी. पण घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब यांवरची ती पंचगुणी पेंटाव्हॅलंट गोठली की वाया जाते.

उष्म्याची चुगली बाटली स्वतःच करते. लेबलावरच्या वर्तुळातला फिकट चौकोन काळवंडत वर्तुळाच्या रंगाचा झाला, की ती टाकून द्यायची. गोठण्याबद्दल मात्र हा चौकोन अवाक्षर बोलत नाही! बाळाला सुई टोचते, ते रडते, कार्डावर तारीख पडते, आई निश्चिंत होते. संरक्षणाची खात्री तेवढी उरलेली नसते.

म्हणून फ्रीझरमधले आइसपॅक तडक लसीच्या डब्यात भरायचे नाहीत. बाहेर ठेवून वाट पाहायची, कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळले की मग भरायचे. डब्यात २ ते ८ अंश राखायचे ते असे. एका वयस्क बाईंनी नारळ पारखावा तसा तो हलवून दाखवला.

शेवटी लेखी परीक्षा झाली. मला विचाराल, तर ती सकाळी, दारात जीप उभी करून आणि चालकाला हॉर्न वाजवायला लावून घ्यायला हवी होती.