मोहल्ला जागा असेल तरच बाजार चालेल

सण जवळ आले की तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलावली जाते. गणेशोत्सव असो, ईद-ए-मिलाद असो, रामनवमी असो की मोहर्रम असो, निरोप येतो, खुर्च्या मांडल्या जातात, पहिल्या रांगेत तीच ती प्रतिष्ठित मंडळी बसतात. दोन-चार भाषणे होतात. 'आमचे गाव शांतताप्रिय आहे' असे प्रत्येक जण सांगतो. चहा होतो, फोटो निघतो आणि पुढचा सण येईपर्यंत त्या समितीचे नाव कोणी काढत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. अशा बैठकांना आम्हीही अनेकदा बसलो आहोत. बैठका वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु भांडण कॅलेंडर पाहून होत नाही. ते नळावर होते, गाडी लावण्यावरून होते, मुलांच्या क्रिकेटवरून होते, आणि आता तर मोबाईलवरच्या एका फोटोवरून होते. त्या घडीला प्रतिष्ठित मंडळी घरी असतात आणि रस्त्यावर असतात ती दुसरीच माणसे.

म्हणून आमचे म्हणणे असे की वाशिम जिल्ह्याच्या शहरांत वॉर्डावॉर्डांतून, मोहल्ल्यामोहल्ल्यांतून कायम चालणाऱ्या समित्या हव्यात, त्या शांततेच्या दिवसांत बसल्या पाहिजेत, आणि त्या उभ्या करण्यात व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला पाहिजे. हे काम समाजसेवकांचे आहे, आपले नाही, असे मानणाऱ्या व्यापारी बंधूंसाठीच हा लेख आहे.

व्यापाऱ्याचा हिशेब

आपला जिल्हा सोयाबीनचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि त्यापाठोपाठ लग्नसराई सुरू होते. कापड दुकानदाराची वर्षाची कमाई या थोड्या महिन्यांत होते. बाकीचे महिने भाडे, नोकरांचे पगार आणि बँकेचे व्याज यांतच जातात. आता नोव्हेंबर २०२१ आठवा. कोरोनाने दोन हंगाम खाल्ले होते, दिवाळी नुकतीच झाली होती, ग्राहक पुन्हा बाहेर पडू लागला होता. त्याच वेळी त्रिपुरातील घटनांच्या निषेधाचे मोर्चे निघाले, १२ आणि १३ नोव्हेंबरला अमरावतीत दगडफेक आणि जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. त्रिपुरा कुठे आणि अमरावती कुठे! पण दुकान बंद झाले ते अमरावतीचे, आणि अमरावतीहून माल उचलणारा आपल्याकडचा किरकोळ दुकानदारही हात बांधून बसला. पुढे १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल पेटली, एका माणसाचा जीव गेला, पुन्हा संचारबंदी आणि पुन्हा इंटरनेट बंद. तेव्हाही लग्नाचे दिवस होते. अकोला म्हणजे आपल्या जिल्ह्याची घाऊक पेठच. कारंजा, मंगरूळपीर, रिसोडचे किती दुकानदार तिथून माल आणतात हे सांगायला नको. वाशिम जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ पर्यंत अकोल्याचा भाग होता. अकोला शिंकले की आपल्याला पडसे होते.

दगड आधी कोणी मारला याचा निकाल न्यायालय करील. आमचा हिशेब निराळा आहे. समजा, एखाद्या दुकानाची हंगामातली रोजची विक्री वीस हजारांची आहे. चार दिवस बाजार बंद राहिला तर ऐंशी हजारांची विक्री गेली, हा झाला कागदावरचा हिशेब. खरे नुकसान पुढे असते. बाजार उघडला तरी खेड्यावरचा ग्राहक आठ-पंधरा दिवस शहरात येत नाही. बायाबापड्यांना घेऊन लग्नाचा बस्ता बांधायला येणारे कुटुंब 'तिकडे वातावरण बरे नाही' म्हणून दुसऱ्या गावी जाते, आणि एकदा मोडलेली दुकानाची सवय पुन्हा लागत नाही. उधारी वसुलीला माणूस पाठवता येत नाही. पण आपल्याला द्यायची देणी थांबत नाहीत. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचा माल घेतला तर करार काहीही असो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहीतर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, हा आयकराचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्या ४५ दिवसांतून संचारबंदीचे दिवस कोणी वजा करून देत नाही.

विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. दंगलीत माल जळाला आणि पॉलिसीत दंगलीचे संरक्षण असेल, तर मालाचे पैसे मिळतील. पण माल शाबूत राहिला आणि दुकान मात्र बंद राहिले, तर बुडालेल्या विक्रीचे पैसे साध्या आगीच्या पॉलिसीत मिळत नाहीत. आणि हातगाडीवर रुमाल-टॉवेल विकणाऱ्याकडे, शिलाई मशीनवर पोट भरणाऱ्याकडे कसला आला आहे विमा? बंदचा पहिला मार त्याच्यावर पडतो. तो हिंदू आहे की मुसलमान हे भूक विचारत नाही.

भिवंडीचा धडा

कापडाच्या व्यापाऱ्याला भिवंडी सांगावी लागत नाही. आपल्या दुकानातले कितीतरी कापड तिथल्या यंत्रमागांवरून येते. या भिवंडीने मे १९७० मध्ये भीषण दंगल पाहिली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले; त्या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. माग थांबले, कारागीर गावी पळाले, पेढ्यांचे पैसे अडकले. देशात कुठे दंगल झाली तर पुढची भिवंडीत, असे लोक धरून चालत.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जुन्या शांतता समितीवर विसंबून न राहता मोहल्ला समित्या उभ्या केल्या. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. त्यांत पुढारी कमी आणि साधी माणसे जास्त होती: माग चालवणारे, दुकानदार, फेरीवाले, शिक्षक. हिंदूंची वेगळी आणि मुसलमानांची वेगळी अशी समिती नव्हती; दोघे एकाच बैठकीत बसत. पोलिसांच्या बाजूनेही केवळ साहेब नव्हे, तर त्या भागाचा साधा पोलीस शिपाई या कामाला जोडला गेला. आणि बैठकीत चर्चा कशाची? नळाच्या भांडणाची, गटाराची, शेजाऱ्याच्या आवाजाची, टवाळ पोरांची. मोठी भांडणे लहान भांडणांतूनच जन्मतात, तेव्हा लहान असतानाच ती मिटवावी, इतका साधा विचार त्यामागे होता. शिवाय बैठकीला वारंवार भेटणाऱ्या माणसांची ओळख होते. ज्याच्याबरोबर दहा वेळा चहा घेतला त्याच्याबद्दलची अफवा सहजासहजी खरी वाटत नाही.

याची परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये झाली. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर मुंबई दोनदा जळाली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार सुमारे ९०० माणसे मेली. मुंबईला लागून असलेली, दोन दंगलींचे व्रण अंगावर असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झालेली होती, तरी समित्या कामाला आल्या. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हेच नाव पुढे त्यांनी आपल्या पुस्तकाला दिले. आम्ही त्या काळी पेढीवर नवखे होतो. मुंबईच्या मालाची बिल्टी येईना म्हणून वडीलधारे चिंतेत असत, तेव्हा भिवंडीचे माग चालू आहेत या बातमीची किंमत काय होती ते आम्हांला ठाऊक आहे.

मुंबईनेही धडा घेतला. दंगलीनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली, पोलीस आणि मोहल्ल्यातील मुले यांचे क्रिकेटचे सामने भरवले. त्यांच्याबरोबर एफ. टी. खोराकीवाला होते, म्हणजे 'अकबरअलीज' दुकानांचे मालक. आमच्या व्यापारी बंधूंनी हे नाव लक्षात ठेवावे. एवढा मोठा दुकानदार या कामाला वेळ देऊ शकतो, तर आपल्याला महिन्यातून एक तास का मिळू नये?

पण भिवंडीच्या गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. ५ जुलै २००६ रोजी तिथे कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याचा वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली आणि नंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. समित्या तोवर मंदावल्या होत्या, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. भरवशाचे असेच असते. उधारीचे खाते वर्षभर पाहिले नाही तर ते बुडते. मोहल्ल्याचा भरवसा त्याहून नाजूक आहे.

खेड्याला आहे, शहराला नाही

आपल्या खेड्यात पोलीस पाटील असतो. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. सगळ्याच नीट चालल्या असे नाही. पण बांधाचे, सामाईक विहिरीचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद कचेरीची पायरी न चढता मिटले. म्हणजे पाचशे उंबऱ्यांच्या गावाला भांडण घेऊन जाण्यासाठी दोन दारे आहेत. उलट वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या नगरपालिकांच्या गावांत एकेका वॉर्डात तेवढी वस्ती असते, तिथे यांपैकी काहीच नाही. नगरसेवकाकडे जावे तर तो पक्षाचा, ठाण्यात जावे तर थेट तक्रार आणि गुन्हा. मधली पायरीच नाही. मोहल्ला समिती ही ती मधली पायरी होय.

आपल्या जिल्ह्याची मिळकतही एकमेकांच्या सणांवर आहे. मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांचे लोक येतात, कारंजाला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी भाविक येतात, पोहरादेवीला रामनवमीला बंजारा समाजाची अलोट गर्दी होते. चादर, फेटा, साडी, झेंड्याचे कापड हे सर्व आपल्याच बाजारातून जाते. ज्याच्या सणाने आपल्या घरी चूल पेटते, त्याचा सण सुखरूप पार पडावा हे पाहणे उपकार नव्हे, आपले कर्तव्य आहे.

समिती कशी नसावी

एक, ती खबऱ्यांची टोळी नसावी. आमच्या मोहल्ल्यांत पोलिसांच्या बैठकीला जाणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि त्याला मागचे अनुभव कारण आहेत. सदस्याचे काम नावे पुरवण्याचे नाही. जे बोलायचे ते सर्वांसमोर बोलावे, वहीत लिहावे, आणि ती वही कोणालाही पाहता यावी. पोलिसांविषयीची तक्रारही त्याच वहीत यावी. केवळ लोकांनी ऐकायचे आणि ठाणेदारांनी सांगायचे, अशी बैठक चार महिन्यांत ओस पडते.

दोन, तिने स्वतः पोलीस होऊ नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. मारणाऱ्यांनाही आपण गावाचे रक्षण करीत आहोत असेच वाटले असेल. रात्रीची गस्त घालायची तर ती पोलिसांना कळवून आणि त्यांच्यासोबत घालावी. संशय आला तर ११२ वर फोन करावा, हात उचलू नये.

तीन, केवळ कॅमेरे बसवून जबाबदारी संपली असे समजू नये. बाजारात कॅमेरे जरूर असावेत. पण आग कोणी लावली ते कॅमेरा नंतर सांगतो. काडी पेटवणाऱ्याचा हात शेजारी धरतो.

काय करावे

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. प्रत्येक वॉर्डात पंधरा-वीस माणसांची समिती असावी. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण गल्लीतील धुसफूस आधी त्यांनाच कळते. सर्व समाजांची माणसे असावीत, निवडणुकीतील उमेदवार नसावेत. बीट अंमलदाराने महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला यावे, आणि ती बैठक ठाण्यात न होता शाळेत किंवा समाजमंदिरात व्हावी. सदस्यांची नावे फलकावर लावावीत. अफवा उठली की ती पुढे न पाठवता दोन्ही बाजूंच्या दोन सदस्यांनी जाऊन खरे काय ते पाहावे आणि तासाभरात सर्वांना सांगावे. पूर्वीचे कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३ झाले, त्याची जमावबंदी लागण्यापूर्वीचे पहिले दोन-तीन तासच निर्णायक असतात.

व्यापारी संघटनांनी बैठकीच्या चहाचा आणि वहीचा खर्च उचलावा, पण अध्यक्षपद मागू नये. आपल्या दुकानातील पोरांना, हमालांना, शिंप्यांना बैठकीला जाण्यासाठी तासाची सुट्टी द्यावी, पगार न कापता. तेच खरे मोहल्ल्याचे लोक आहेत. आणि ठाणेदारांना आमची विनंती आहे की पुढची बैठक सणाच्या तोंडावर बोलावण्याची वाट पाहू नका. ज्या महिन्यात एकही सण नाही, असा एखादा महिना निवडून पहिली बैठक बोलवा. आम्ही दुकान लावून येऊ.