रकान्याबाहेरचे नागरिक

शासकीय अर्जातील रकाना ही वरकरणी अत्यंत क्षुल्लक वस्तू आहे. नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, लिंग, जन्मतारीख या रकान्यांचा आपण कधी विचार करीत नाही. कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते भरताना अडचण आलेली नसते. ज्याचे जळते त्यालाच कळते. ज्याचे जीवन त्या रकान्यात मावत नाही, त्याच्या दृष्टीने तोच रकाना शासनाच्या दाराला आतून लावलेली कडी ठरतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपले बहुतेक अर्ज कागदावरून संगणकाच्या पडद्यावर गेले. या स्थित्यंतराचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. तथापि या स्थित्यंतराबरोबर एक गोष्ट नाहीशी झाली, तिची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. ती गोष्ट म्हणजे कागदाचा समास.

कागदी अर्जाला समास होता. ‘पती हयात नाही’, ‘वडिलांचे नाव ठाऊक नाही’ असा शेरा त्यावर लिहिता येत असे. पलीकडे बसलेला कारकून वैतागला तरी तो शेरा वाचत असे आणि निदान ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढे तरी म्हणत असे. संगणकाचा अर्ज शेरा वाचत नाही. सक्तीचा रकाना रिकामा राहिला की तो पुढे सरकतच नाही, आणि त्याच्याशी वाद घालण्याची सोयही नसते. साहजिकच, कोणते रकाने सक्तीचे असावेत आणि त्यांत कोणते पर्याय असावेत हे ठरविणारा मनुष्य कळत-नकळत कोण नागरिक म्हणून गणला जाईल हेही ठरवीत असतो.

लाडक्या बहिणीची कैफियत

या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ या योजनेने पुरविला आहे. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेच्या निर्णयात विवाहित स्त्रियांबरोबरच विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांचाही लाभार्थी म्हणून स्पष्ट उल्लेख होता. दरमहा दीड हजार रुपयांची खरी निकड याच स्त्रियांना होती, हे सांगायला अर्थशास्त्री नको. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींच्या पडताळणीसाठी संकेतस्थळावर जो ई-केवायसीचा अर्ज आला, त्यात स्त्रीच्या स्वतःच्या आधार क्रमांकापाठोपाठ पतीचा अथवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि त्या पुरुषाच्या भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी टाकल्याशिवाय अर्ज पूर्ण होईना. पती वारलेला आणि वडीलही हयात नाहीत, अशा स्त्रीने हा ओटीपी कोठून आणावा? योजनेच्या निर्णयात जिला अग्रस्थान होते, ती योजनेच्या अर्जात मात्र कोणाला आठवली नाही.

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या सीमेलगतच्या गावात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे घरात कानडी आणि कचेरीत मराठी असा व्यवहार रूढ आहे. सोयरिकी सीमेपलीकडच्या कलबुर्गी-विजयपुरा भागात होतात आणि सून येते ती कर्नाटकातील कागदपत्रे घेऊन. २०२४ साली शासनाने अशा परप्रांतीय सुनांसाठी सवलत दिली: महाराष्ट्रातील रहिवाशाशी विवाह झालेल्या स्त्रीबाबत पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले. सवलत उपयुक्तच होती. परंतु तिचा पायाही पतीच होता. पतीशी पटत नाही, तो परगावी निघून गेला आहे, किंवा कागद देण्यास नकार देतो, अशा वेळी त्या स्त्रीचे माहेर कर्नाटकात आणि सासर केवळ नावापुरते. दोन राज्यांच्या सीमेवर उभी असलेली ही स्त्री दोन्हीकडच्या रकान्यांबाहेर पडते.

शासनाने पुढे चूक ओळखली, हे नमूद केले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ज्यांचे पती वा वडील हयात नाहीत अथवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, अशा स्त्रियांनी स्वतःपुरती ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश सादर करावा, असा मार्ग काढण्यात आला. तथापि परित्यक्तेने काय करावे? तिचा पती जिवंत आहे, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. तिने न्यायालयाची पायरी चढलेली नाही, म्हणून हुकूमनामा नाही. ‘नवऱ्याने टाकले’ ही आपल्या खेड्यापाड्यांतील जुनी आणि अत्यंत कटू वस्तुस्थिती आहे. तिला कोणी दाखला देत नाही. ज्याने तिला टाकले त्याच्याच भ्रमणध्वनीवर तिच्या हक्काची किल्ली ठेवणे हा केवळ तांत्रिक दोष नव्हे. स्त्रीची ओळख कोणा पुरुषाच्या मार्फतच पटते, या जुन्या समजुतीला दिलेला तो नवा मुलामा होय.

गैरप्रकार रोखण्यासाठी पडताळणी आवश्यक होती, हा शासनाचा युक्तिवाद निराधार नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागलाच पाहिजे. चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे या योजनेचा लाभ गेल्याचे २०२५ साली उघडकीस आले होते. परंतु हाच दाखला उलट बाजूनेही बोलका आहे. ज्या व्यवस्थेतून हजारो पुरुष बिनबोभाट आत शिरू शकले, तीच व्यवस्था एका विधवेला दारात अडवीत होती. कुटुंबाचे उत्पन्न तपासण्याची गरज आणि पुरुषाच्या संमतीची सक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साध्य करण्यासाठी दुसरी अपरिहार्य नव्हती.

कायदा पुढे, अर्ज मागे

आश्चर्य असे की, कायदा या बाबतीत अर्जाच्या कितीतरी पुढे गेला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. आई ही एकल पालक असल्यास पॅनच्या अर्जात वडिलांचे नाव सक्तीचे राहणार नाही, असा बदल डिसेंबर २०१८ पासून अमलात आला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवून दिला. हा निर्णय महत्त्वाचा होता. परंतु त्याच निर्णयाने विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही जुनी पद्धत पुढे चालू ठेवली. म्हणजे मुलाच्या कागदावर आई अवतरली, पण आईच्या स्वतःच्या कागदावर ती होती तेथेच राहिली.

संबोधनाच्या रकान्याचीही हीच कथा. पुरुषाला ‘श्री.’ एवढे पुरते. स्त्रीपुढे मात्र कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती असे पर्याय येतात. पुरुषाचे लग्न झाले आहे की नाही याचे कोणाला सोयरसुतक नसते. स्त्रीला मात्र ते आपल्या नावाच्या आधीच जाहीर करावे लागते. एप्रिल २०२३ मध्ये तर ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द शासकीय व्यवहारात आणावा, असा प्रस्ताव महिला व बालविकास खात्याच्या तत्कालीन मंत्र्यांनी पुढे केला आणि त्यावर सर्व बाजूंनी टीका झाली. शब्द बदलावा की नाही यावर वाद झाला. मुळात तो रकाना कशासाठी हवा, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

दोनच पर्यायांचे जग

स्त्रीला रकान्यात निदान अर्धी जागा मिळते. तृतीयपंथी नागरिकाला तर दीर्घकाळ रकानाच नव्हता. वास्तविक हा समाज आपल्याला अपरिचित नाही. सीमाभागातील यल्लम्माच्या भक्तिपरंपरेत जोगप्पांना स्थान आहे. जत्रेत त्यांच्यापुढे हात जोडले जातात. देवळात ज्याला मान, त्याला कचेरीत मात्र नाव नाही, अशी ही विसंगती. २००९ साली निवडणूक आयोगाने मतदारयादीत ‘इतर’ हा पर्याय दिला. २०११ च्या जनगणनेत तो प्रथमच आला, तेव्हा देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची त्याखाली नोंद झाली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख मान्य केली, आणि २०१९ साली संसदेने त्यांच्या हक्कांचा कायदा केला.

असे असूनही २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रात पोलीस भरतीची जाहिरात निघाली, तेव्हा संकेतस्थळावरील अर्जात स्त्री आणि पुरुष हे दोनच पर्याय होते. उमेदवारांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. नोव्हेंबरमध्ये न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला. धोरण ठरलेले नसल्याने अंमलबजावणी अत्यंत कठीण आहे, असे म्हणत शासन त्या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कठोर शब्दांत कानउघाडणी केली आणि ९ डिसेंबरला महाधिवक्त्यांनी सांगितले की, १३ डिसेंबरपर्यंत संकेतस्थळावर तिसरा पर्याय उपलब्ध होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आठ वर्षांत जे झाले नव्हते, ते चार दिवसांत होण्याजोगे होते! अडचण यंत्रात नव्हती, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकचे उदाहरणही असेच आहे. तेथे ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव जागेवर भरलेला अर्ज फेटाळण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढण्याची मुभा दिली आणि त्या निवडूनही आल्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील तरंगफळच्या मतदारांनी त्याआधीच, २०१७ साली, ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंचपदी बसविले होते. खेड्यातील माणसाला जे सहज उमगते, ते अर्ज तयार करणाऱ्याला न्यायालयाने सांगितल्यावाचून उमगू नये, हे आपल्या प्रशासनाला भूषणावह नाही.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक रकाना अर्जात येण्यापूर्वी त्याचे प्रयोजन सांगता आले पाहिजे, ही पहिली कसोटी. गॅस नोंदविताना, वीजबिल भरताना किंवा दुकानातून संगणकावर पुस्तक मागविताना ग्राहक स्त्री आहे की पुरुष, विवाहित की अविवाहित, याची गरज काय? २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही सूत्र हेच आहे की, संमती घेऊन मिळविलेली माहितीसुद्धा ठरावीक हेतूला आवश्यक तेवढीच असावी. जेथे लिंगाची नोंद खरोखर लागते, उदाहरणार्थ आरोग्य, जनगणना अथवा आरक्षण, तेथे ती अवश्य घ्यावी; पण मग कायद्याने मान्य केलेले सर्व पर्याय तेथे असले पाहिजेत. नातेवाइकाचे नाव हवेच असेल, तर आई, वडील, पती, पालक यांपैकी कोणाचेही, अथवा कोणाचेच नाही, असे म्हणण्याची मुभा हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संगणकाच्या अर्जाला त्याचा गमावलेला समास परत मिळाला पाहिजे. ‘माझी परिस्थिती वरीलपैकी कशातही बसत नाही’ असा एक रकाना ठेवावा, आणि तो भरलेला अर्ज बाद न होता ठरावीक मुदतीत एखाद्या जबाबदार अधिकाऱ्यापुढे जावा. परित्यक्तेच्या बाबतीत अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक किंवा नगरपरिषदेचा अधिकारी स्थानिक चौकशी करून दाखला देऊ शकेल. गावात कोणाचा नवरा नांदवत नाही, हे गावाला ठाऊक असतेच.

काही जण म्हणतील की, मूठभर लोकांसाठी सर्वांची व्यवस्था का बदलावी? परंतु विधवा, परित्यक्ता, एकल माता, तृतीयपंथी, परप्रांतातून आलेली सून अशी एकेक मूठ मोजत गेल्यास ती संख्या मूठभर राहत नाही. शिवाय ती मूठभर असली तरी प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही. बहुसंख्यांचे काम कोणत्याही अर्जाने भागतेच. अर्जाची खरी परीक्षा अपवादापाशी होते.

यात शासनाइतकाच आपलाही वाटा आहे. शाळेत विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर चढविणारा शिक्षक, नगरपरिषदेत दाखल्यांची नोंद करणारा कारकून, सेवा केंद्रात बसून इतरांचे अर्ज भरून देणारा विद्यार्थी यांनाच कोणता रकाना कोठे अडतो हे प्रथम कळते. आज बहुधा असे होते की, अर्ज अडला की काहीतरी खोटे लिहून तो पुढे ढकलला जातो: वडिलांच्या जागी मामाचे नाव, ‘इतर’च्या जागी ‘पुरुष’. त्यामागील सहानुभूती समजण्याजोगी आहे. परंतु त्या एका असत्याचा जाच त्या व्यक्तीला पुढे प्रत्येक कागदावर सोसावा लागतो आणि दोष मात्र वरपर्यंत कधीच पोहोचत नाही. त्याऐवजी अडलेल्या प्रत्येक अर्जाची लेखी नोंद संबंधित खात्याकडे गेली पाहिजे. ई-केवायसीचा नियम नोव्हेंबरमध्ये बदलला, तो अडलेल्या स्त्रियांची ओरड मंत्रालयापर्यंत गेली म्हणूनच. परित्यक्तेची ओरड अजून तेथवर पुरेशी पोहोचलेली नाही. ती पोहोचविण्याचे काम, जे रोज हे अर्ज भरतात, त्यांनीच अंगावर घेतले पाहिजे.