निसर्गचित्र आणि सोफ्याचे माप

घरात नवा सोफासेट आला की त्याच्यावरची मोकळी भिंत खटकू लागते. पूर्वी तेथे आजोबांची तसबीर असे, नाहीतर दिनदर्शिका. आता कॅनव्हासवर छापलेले एखादे प्रसिद्ध निसर्गचित्र येते : कॉन्स्टेबलची गवताची गाडी, मोनेचा सूर्योदय, व्हॅन गॉगची तारांकित रात्र. आमच्या वर्गात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, ही नक्कल आहे, उसनी ऐट आहे; त्यापेक्षा भिंत रिकामी बरी. दुसरा म्हणतो, भिंत ज्याची, आवड त्याची. विचारणारे तुम्ही कोण? मला यातला एकही तट आपला वाटत नाही. माझे भांडण नकलेशी नाही, कात्रीशी आहे.

नकलेचे पाहू. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जाऊन उभे राहण्याचा योग आपल्यापैकी कितीजणांच्या नशिबी आहे? आपले कलादालन म्हणजे ग्रंथालयातील दोन-चार जाड पुस्तके, मोबाईलचा वीतभर पडदा आणि या भिंती. आणि नक्कल आपल्या घरांना काही नवी नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती थेट देवघरात जाऊन बसल्या. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून त्या छपाईवर चकाकी चढवीत. कित्येक घरांतून बायकांनी त्या चित्रांतल्या लुगड्यांना खरी जर आणि टिकल्या लावल्या. याला कोणी उसनी ऐट म्हटल्याचे ऐकिवात नाही. आजचा कॅनव्हास याच वंशातला आहे. तेव्हा कापडावर शाई उमटवली एवढ्यावरून मला राग येत नाही.

राग येतो तो दुकानात. अशा एका दुकानात मी तासभर काढला आहे. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ‘चित्र कोणते’ हा नसतो, ‘भिंत किती फूट’ हा असतो. पाच फूट रुंद, दोन फूट उंच असे उत्तर आले की संगणकावर चित्रावर एक चौकट बसवायची आणि चौकटीबाहेरचे उडवून टाकायचे. आता कॉन्स्टेबलचे १८२१ सालचे ‘द हे वेन’ घ्या. स्टाउर नदीच्या उथळ पाण्यात उभी असलेली ती गवताची गाडी. मूळ चित्र सुमारे १८५ सेंटिमीटर रुंद आणि १३० सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे पाच फूट रुंदीला उंची साडेतीन फूट हवी. मग दीड फूट गेले कोठे?

गेले ते बहुतेक आकाश. गाडी ठेवायची, घोडे ठेवायचे, डावीकडचे विली लॉट या शेतकऱ्याचे घर ठेवायचे, काठावरचा कुत्रा तर हवाच. मग कापायला ढगच उरतात. आणि कॉन्स्टेबल हा ढगांचा माणूस! १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर बसून त्याने ढगांचे अभ्यास रंगवले. कित्येकांवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली. शेतकऱ्याने पाहावे तसे त्याने आकाश पाहिले. चित्रातल्या कुरणावरचे ऊन आणि झाडांखालची सावली या ढगांमुळे आहे. ढग कापले की ते ऊन कोठून आले हेच कळत नाही. उजवीकडे लांब कुरणात गवत कापणारी माणसे आहेत, दाण्याएवढी. चौकट चौरस केली तर तीही जातात आणि गाडी कोणाकडे निघाली आहे हा प्रश्नच उरत नाही.

मोनेच्या वाट्याला उलटा छळ येतो. ल हाव्र बंदरातला १८७२ सालचा त्याचा सूर्योदय मुळात ४८ गुणिले ६३ सेंटिमीटरचा, काखोटीला मारून नेता येईल एवढा. त्यातला केशरी सूर्य भोवतालच्या करड्या आभाळाहून अधिक उजळ नाही. चित्राचे कृष्णधवल छायाचित्र घेतले तर तो जवळजवळ दिसेनासा होतो. त्याची सारी किमया रंगात आहे, उजेडात नाही. छापणारा मात्र ‘जरा उठाव देतो’ म्हणतो. पाच फुटांच्या कापडावर मग जो सूर्य उगवतो तो वाहतुकीच्या दिव्यासारखा. व्हॅन गॉगच्या रात्रीचे पाच उभे तुकडे करून ओळीने टांगण्याचीही पद्धत आहे. एका घरात त्या सुरूच्या झाडाच्या बरोबर मधून दोन इंचांची मोकळी भिंत गेलेली मी पाहिली. त्याविषयी न बोललेले बरे.

‘भिंत ज्याची’ म्हणणाऱ्या मित्रांना एवढेच विचारतो : कवितेचे पुस्तक कपाटात मावत नाही म्हणून शेवटची दोन कडवी कापून दिली तर चालेल का? ज्याने मूळ कधी पाहिलेच नाही त्याला ही कापलेली कविताच पूर्ण वाटणार, आणि आपण सारे तर त्याच पंक्तीतले. त्या घरात वाढणारे मूल कॉन्स्टेबल म्हणून जे ओळखील त्यात आकाशच नसेल. जुलै २०२२ मध्ये नॅशनल गॅलरीत दोन आंदोलकांनी ‘द हे वेन’वर त्याचीच बदललेली छापील प्रत चिकटवली : नदीच्या जागी रस्ता, आकाशात विमाने. कृत्य निषेधार्हच, पण मूळ नदी आणि मूळ आकाश ज्यांच्या डोळ्यांत होते त्यांनाच त्यातला टोला कळला.

‘आपल्याकडचे निसर्गचित्रकार का लावत नाहीत’ असे एक प्राध्यापक मला म्हणाले. लावावेत की! कोल्हापूरचे आबालाल रहिमान आहेत. नट म्हणून सर्वांना ठाऊक असलेले चंद्रकांत मांडरे आहेत. त्यांनी निसर्गचित्रे काढली आणि कोल्हापुरातले आपले राहते घर चित्रांसह शासनाला दिले. पण भिंतीचे माप आधी विचारले तर पंचगंगेचाही घाट सोफ्याएवढाच होईल.

ग्रंथालयाच्या जिन्यासमोरची भिंत मी टेपने मोजली आहे. ‘द हे वेन’ तेथे मूळ मापात, एक इंचही न कापता, आरामात बसते. खाली चित्रकाराचे नाव, साल आणि मूळ कोठे आहे ते लिहायला वीतभर जागाही उरते. वर्गणीची यादी माझ्याकडे तयार आहे. ग्रंथपालांची हरकत नाही. मात्र त्या भिंतीवरची परीक्षेच्या सूचनांची फळी कोठे हलवायची हे प्राचार्यांना विचारा, असे ते म्हणाले.