औजार विकतच घ्यायचं, का बनवायला पण शिकायचं?



रोज सोयाबीन, कापूस, हळदीवर लिहितो. आज जरा वेगळं लिहायलोय, पण शेती सोडून नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या भोकर, हिमायतनगर, मुदखेड भागातल्या शिकलेल्या लेकरांनी वेबसाइटचे प्लगइन बनवायला शिकावं. आणि आपल्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांनी निदान ते काय असतंय हे समजून घ्यावं. मी दहावी पास. पुतण्या नांदेडला कॉम्प्युटर शिकतो. तो सुट्टीला आला की त्याच्या शेजारी बसून मी बी शिकायलोय.

आधी प्लगइन म्हणजे काय ते सांगतो. वर्डप्रेस नावाची एक फुकटची प्रणाली आहे, तिच्यावर वेबसाइट उभी करता येते. २००३ साली ती निघाली. आज जगातल्या शंभरातल्या चाळीसपेक्षा जास्त वेबसाइट तिच्यावर चालतात. २००४ साली तिच्यात प्लगइनची सोय आली, आणि खरी गंमत तिथंच आहे. आपण ट्रॅक्टरचं इंजिन उघडत बसत नाही. मागच्या तीन पॉइंटला आज रोटाव्हेटर जोडतो, उद्या पेरणी यंत्र, परवा फवारणीचा पंप. ट्रॅक्टर तोच, काम वेगळं. प्लगइन तसंच. वर्डप्रेसच्या मूळ कोडला हात लावायचा नाही. त्यात जागोजागी हुक दिलेले आहेत, तिथं आपलं औजार अडकवायचं. मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली तरी आपलं काम पुसून जात नाही.

हुक दोन जातीचे. एकाला ॲक्शन म्हणतात. अमुक वेळ आली की माझं हे काम कर, असं सांगून ठेवायचं. दुसरा फिल्टर. तो चाळणीसारखा. माल आत येतो, आपण चाळायचा आणि पुढं द्यायचा. पुढं द्यायचं राहिलं तर पानावरचा मजकूरच गायब होतो. चाळलेलं धान्य पोत्यात न भरता खळ्यावरच सोडून आल्यासारखं.

आता कोणी म्हणेल, तयार प्लगइन फुकट मिळतात, मग बनवायचं कशाला? मिळतात की. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत ६० हजारांच्या आसपास आहेत. पण त्यातलं एक तरी आपल्या शिवाराची भाषा बोलतं का? आमच्या गटाची वेबसाइट शहरातल्या एका माणसानं करून दिली. बियाण्याचा हिशोब करणारी एक खिडकी टाका म्हटलं, तर त्यानं परदेशातलं एक तयार प्लगइन चिकटवलं. त्यात गुंठा नाही, एकर नाही, उगवणशक्तीचा रकाना नाही. बदल सांगितला की वेगळे पैसे. शेवटी लोकांनी ती खिडकी उघडायचंच सोडून दिलं.

म्हणून मी आणि पुतण्यानं सोयाबीनच्या बियाण्याचं प्लगइन हाती घेतलं. हिशोब तुम्हाला पाठ आहे. घरचं बियाणं असलं की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं मोड मोजायचे. ७० उगवले तर एकरी ३० किलो. त्याच्या खाली दर एका टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. ६० पर्यंत हे चालतं, तिथं ३५ किलो होतं. ६० च्या खाली आलं तर ते बियाणं पेरूच नये. म्हणजे ६४ दाणे उगवले तर एकरी ३३ किलो, तीन एकराला ९९ किलो.

हे कोडात बसवणं अवघड नाही. प्लगइनच्या फोल्डरमध्ये एक फाइल करायची, वरती नाव लिहायचं, खाली हिशोब, आणि शॉर्टकोड म्हणून एक छोटा शब्द ठरवायचा. तो शब्द पानावर टाकला की तिथं खिडकी उघडते. खरी परीक्षा पुढं आहे. आपला शेतकरी मोबाइलवर मराठी कळफलक वापरतो. त्यानं मराठी आकड्यात ६४ टाकले, तर ज्या पीएचपी भाषेत प्लगइन लिहितात ती त्याला आकडा समजतच नाही, शून्य धरते. उगवण शून्य धरली की एकरी ६५ किलो उत्तर येतं! कोणी त्यावर विश्वास ठेवून बियाणं ओतलं तर पैसा वाया, पीक दाट, आणि दाट सोयाबीन काय करतंय ते सांगायची गरज नाही. म्हणून हिशोबाच्या आधी मराठी आकडे इंग्रजीत बदलून घ्यायचे, ६० च्या खाली किंवा १०० च्या वर आकडा आला की हिशोब थांबवायचा आणि कारण मराठीत सांगायचं. गुंठे टाकले तर ४० ने भागून एकर करायचे.

ही गोष्ट अमेरिकेतल्या प्रोग्रामरला सुचणार नाही. पुण्यातल्याला सुचेलच असं नाही. ती सुचायला गोणपाटातले मोड मोजलेला माणूसच लागतो.

काही जण म्हणायलेत, आता एआय कोड लिहून देतंय, शिकून काय उपयोग? मी म्हणतो, घ्या की त्याची मदत. हार्वेस्टर आला म्हणून पीक कापणीला आलं का नाही हे ओळखायचं थोडंच सोडलं आपण? एआयनं दिलेला हिशोब ६० वर थांबतो का नाही, मराठी आकडा वाचतो का नाही, बाहेरून आलेली माहिती तपासूनच आत घेतो का नाही, हे बघणारा माणूस लागतोच. बियाणं न तपासता पेरत नाहीत, कोड बी न तपासता चढवू नये. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत नवीन प्लगइन द्यायचं तर तिथली माणसं ते आधी तपासतात, मगच यादीत घेतात.

आणखी एक गोष्ट मला लई भावली. वर्डप्रेस ज्या परवान्यावर आहे त्याचं नाव जीपीएल. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, कोणी अडवत नाही. हे तर आपल्या घरच्या बियाण्यासारखं झालं. सोयाबीन स्वपरागसिंचित, म्हणून घरचं बियाणं राखता येतं, शेजाऱ्याला देता येतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आपला तो हक्क मान्य केलाय, फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. कापसाच्या संकरित बियाण्याला मात्र दरसाल पिशवी घ्यावीच लागते. कॉम्प्युटरच्या जगात पण या दोन्ही जाती आहेत. एका पिढीनं कापसाची पिशवी बघितली, दुसरीनं तरी घरचं बियाणं राखायला शिकावं.

आता शिकायचं कुठं? महागड्या क्लासच्या जाहिराती बघून आणि नोकरीच्या हमीवर भुलून पैसे भरू नका. वर्डप्रेसची प्लगइनची पूर्ण मार्गदर्शिका फुकट आहे. वर्डप्रेस प्लेग्राउंड ब्राउझरमध्येच चालतं, सरावाला होस्टिंग विकत घ्यायची गरज नाही. अडचण एकच, शिकायचं साहित्य बहुतेक इंग्रजीत. वर्डप्रेसचा मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केलाय, पण प्लगइन कसं बनवायचं हे मराठीत सांगणारं थोडंच सापडतं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरला वर्डकॅम्प झाले. २०२६ च्या एप्रिलचा आशियाचा वर्डकॅम्प मुंबईला ठरला. आपल्या नांदेडला असा एखादा दिवस का होऊ नये?

कृषी विभागाच्या आणि विज्ञान केंद्राच्या साहेब लोकांना हात जोडून विनंती आहे. पोखर्णी आणि सगरोळीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, परभणीला विद्यापीठ आहे, नांदेडला अभियांत्रिकी कॉलेज आहे. नियम तुमच्याकडं आहेत, कोड लिहिणारी लेकरं कॉलेजात आहेत, आणि चूक कुठं होते हे आम्हाला शिवारात कळतंय. रब्बी आटोपल्यावर आठ दिवस तिघांना एका खोलीत बसवा. पहिलं औजार बियाण्याचं, दुसरं खताच्या मात्रेचं, तिसरं फवारणीच्या पाण्याचं. तपासून, तुमच्या नावानं, तारीख टाकून द्या. शिफारस बदलली की औजार पण बदला.

आणि आईबापांना सांगणं आहे, लेकरू कॉम्प्युटरवर बसलं की लगेच टाइमपास करायलंय असं म्हणू नका. काय बनवायलास, एवढं विचारा. उत्तर आलं तर शेजारी बसा, आणि आपल्या शेतातला एखादा हिशोब त्याच्यापुढं टाका.

ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी कळवा. मृगाच्या आत बियाण्याचं औजार चार गावांत वापरून बघू. उत्तर चुकलं तर आमचा मुलाहिजा न ठेवता सांगा.