कामगार वाचकाची आवड

कोणते पुस्तक आवडले, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या रुचीचा वाटतो. परंतु रुचीही आकाशातून पडत नाही. पुरस्कारांचा गाजावाजा, प्रकाशकांच्या जाहिराती आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे तिला वळण लावीत असतात. म्हणूनच ‘फकिरा’ आणि ‘माझे विद्यापीठ’ वाचून वाढलेल्या कामगार वाचकाने अलीकडच्या वाङ्मयातून आपले म्हणून काय निवडावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या विचाराच्या आड पुरोगामी वर्तुळातील एक जुनी सवय येते. कादंबरीच्या अखेरीस मोर्चा निघाला, कवितेत बावटा फडकला, की ती कृती आपली, एरवी परकी. एंगल्सने १८८८ साली मार्गारेट हार्कनेस या लेखिकेला लिहिलेल्या पत्रात याच्या नेमके उलट मत मांडले होते. लेखकाने आपली मते पुढे न रेटणेच कलाकृतीच्या हिताचे, असे त्याचे म्हणणे होते. आणि दाखला दिला होता तो राजसत्तेच्या पक्षपाती बाल्झाकचा.

मल्याळम लेखक बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम’ (२००८) ही कादंबरी या कसोटीवर पाहावी. नदीतील वाळू उपसून पोट भरणारा नजीब चार पैसे मिळविण्याच्या आशेने सौदी अरेबियात जातो आणि वाळवंटातील शेळ्यामेंढ्यांच्या तळावर तीन वर्षांहून अधिक काळ गुलाम होऊन पडतो. येथे संघटना नाही, घोषणा नाही. नजीब आपले सारे दुःख अल्लाच्या हवाली करतो. म्हणून ही कादंबरी नियतिवादी ठरवावी काय? मुळीच नाही. शेळ्यांना गावाकडच्या माणसांची नावे देऊन नजीब त्यांच्यातच आपले गणगोत शोधू लागतो, तेव्हा श्रम विकायला परमुलखी गेलेल्या माणसाचे माणूसपण कसे हिरावले जाते, हे वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मीना कंदसामी यांची ‘द जिप्सी गॉडेस’ (२०१४) ही इंग्रजी कादंबरी मात्र थेट लाल बावट्याच्या इतिहासात शिरते. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील किळवेणमणी येथे मजुरीवाढीसाठी संघटित झालेल्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांनी हल्ला केला. एका झोपडीत आश्रयाला गेलेली ४४ माणसे जिवंत जाळण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. पुढे मद्रास उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. ही कथा सरळ, सुबक रीतीने सांगण्यास लेखिका नकार देते. निवेदन मध्येच मोडते, वाचकाशीच हुज्जत घालते. दिवसभराच्या कामाने थकलेल्या वाचकाला हे जड जाईल, आणि ज्यांची ही कथा त्या शेतमजुरांना इंग्रजी परकीच आहे. हा आक्षेप खरा आहे, लेखिकेच्या बाजूने तो झाकण्याचे कारण नाही. तथापि हत्याकांडाची गोष्ट करमणुकीसाठी वाचली जाऊ नये, हा तिचा आग्रहही तितकाच खरा आहे.

कवितेत झारखंडच्या उराँव समाजातील जसिंता केरकेट्टा यांचा ‘अंगोर’ (२०१६) हा हिंदी संग्रह आवर्जून वाचावा. जंगल, खाण आणि विस्थापन हे तिच्या कवितेचे केवळ विषय नव्हेत. ते तिचे जगणे आहे. मणिपूर होरपळत असताना, २०२३ मध्ये, एका माध्यमसमूहाने देऊ केलेला पुरस्कार तिने नाकारला. कवितेतील शब्द आणि कवीची कृती यांत अंतर राहिले नाही, की वाचकाचा विश्वास असा बसतो.

या तिन्ही पुस्तकांनी निष्कर्ष आयता हाती दिलेला नाही. तो काढण्याचे काम वाचकावर सोपविले आहे, कारण वाचक ते करू शकतो यावर त्यांचा विश्वास आहे. चळवळीनेही तेवढा विश्वास दाखवावयास हवा. पुस्तकांच्या किमती कष्टकऱ्याच्या खिशाला परवडत नाहीत आणि एका भारतीय भाषेतील पुस्तक दुसरीत यावयाचे, तर पुष्कळदा इंग्रजीचा वळसा घ्यावा लागतो. युनियनच्या कचेरीतील कपाटात अहवालांशेजारी अशी पुस्तके असावीत, आठवड्यातून एकदा ती मोठ्याने वाचली जावीत, मल्याळम, तमिळ, हिंदी जाणणाऱ्या साथींनी ती इतरांना आपल्या भाषेत समजावून द्यावीत. आणि वाचून झाल्यावर एखाद्या कामगाराने ‘हे पुस्तक मला आवडले नाही’ असे म्हटले, तर त्याचेही म्हणणे नीट ऐकून घ्यावे.